पानपिंपळीतलं पायपरीन गावातच काढता येते का? (अंजनगाव-अकोट पट्टा)

मळेकरी_अंजनगाव
राम राम मंडळी. आमची पानपिंपळी आहे, सातपुड्याच्या पायथ्याशी, अंजनगाव सुर्जी तालुक्यात, आज्याच्याही आधीपासून. एका अंगाला पानमळा आन दुसऱ्या अंगाला पिंपळी, शेवरी-पांगाऱ्यावर चढवलेली. सध्या तोडणी चालू हाय, बायांची मजुरी दरसाल वाढते आन व्यापारी दरसाल एकच बोलते, माल हलका हाय. हलका म्हणजे काय हो? वजनात हलका का गुणात हलका, थे काही सांगत नाही, मुठीत घेते, नाकाशी नेते, पोतं बाजूला लोटते अन भाव पाडते. तर चुलतभावानं युट्यूबवर पाहिलं का पिंपळीत पायपरीन नावाचं काहीतरी असते, थे काढून विकलं तर मालाच्या कितीतरी पट पैसा. त्यानं उत्साहात पायलीभर पिंपळी कुटून गंजात उकळली, गाळली, आटवली. काळं चिकट निघालं, चवीले तिखट हाय. आता त्याचं म्हणणं पडलं का हेच पायपरीन, बाटल्या भरू. मी म्हटलं थांब, आधी विचारतो. माझी बीएस्सी झाली पण केमिस्ट्री परीक्षेपुरतीच. गावात शेड हाय, थ्री फेज हाय, गटात शेतकरीही बरेच हायेत. कोणाले खरंच माहीत असन त्यानं सांगा, जमते का हे?

बाप्पा_राजेहो
भावाले म्हणा आधी सोता चमचाभर चाटून पाय, मंग बाटल्या भर.

निंबोळीवाली_यवतमाळ
आम्ही कपाशीवर फवारायला निंबोळी अर्क दरवर्षी घरीच करतो. ५ किलो निंबोळी कुटायची, रात्रभर पाण्यात भिजवायची, सकाळी फडक्यातून गाळून थोडा साबणाचा चुरा टाकायचा अन १०० लिटर पाणी करायचं, झाला ५ टक्के अर्क. त्यातही औषध पाण्यातच उतरते ना, ॲझाडिरॅक्टिन का काय म्हणतात कृषी सहायक. मग पिंपळीलाच काय प्रॉब्लेम आहे?

फार्मसीवाली
निंबोळीताई, तुमचं बरोबर आहे पण ती गोष्ट वेगळी. ॲझाडिरॅक्टिन थोडंफार पाण्यात येतं आणि अळीला थोडंच पुरतं. शिवाय ते पांढुरकं पाणी गाळल्यावर त्यात गराचं तेलही बारीक थेंबांनी तरंगत असतं, साबण त्याच्यासाठीच टाकता ना. केलं, त्याच दिवशी फवारलं, विषय संपला. इथे मळेकरी भाऊंना पदार्थ वेगळा काढून, साठवून, विकायचा आहे.

आधी पाण्याचं निपटवून टाकू. पायपरीन, म्हणजे ज्याच्यामुळे मिरी-पिंपळी तिखट लागते तो पदार्थ, पाण्यात जवळपास विरघळतच नाही. एक ग्रॅम विरघळवायला साधारण २५ लिटर पाणी लागेल. तोच एक ग्रॅम १५ मिलिलिटर स्पिरिटमध्ये (म्हणजे जवळपास शुद्ध अल्कोहोलमध्ये) विरघळतो. म्हणजे भावाने गंजात जे काळं चिकट काढलं त्यात रंग आला, साखर आली, डिंकासारखा भाग आला, तिखटपणा थोडा उतरला, आणि पायपरीन बहुतेक सगळं खाली चोथ्यात बसून राहिलं. चोथा फेकला असेल तर माल फेकला आणि पाणी ठेवलं असं झालं.

आता कॉलेजात आम्ही पोरांकडून करून घेतो ते सांगते. पिंपळी भरड दळायची, मैद्यासारखी नको, नाहीतर गाळण तुंबतं. सॉक्सलेट म्हणून काचेचं यंत्र असतं, खालच्या चंबूत स्पिरिट, मधल्या नळीत कागदाच्या थैलीत पूड, वर गार पाण्याचा कंडेन्सर. खालून वाफ वर जाते, गार होऊन थेंब थेंब पुडीवर पडते, नळी भरली की आपोआप सायफन होऊन सगळं खाली, की परत तेच. सुरुवातीला खाली येणारं द्रावण गर्द पिवळं असतं, काही तासांनी फिकं पडत जातं, जवळजवळ बिनरंगी झालं की थांबवायचं. मग स्पिरिट उडवून परत गोळा करायचं, खाली उरतं ते हिरवट तपकिरी, राळेसारखं घट्ट. त्यात अल्कोहोलमध्ये केलेलं १० टक्के पोटॅश (म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइड, खताचं पोटॅश नाही बरं का) हळूहळू टाकायचं, राळेतली आम्लं गाळ होऊन खाली बसतात. वरचं निथळून घ्यायचं, कोमट असताना थोडं थोडं पाणी टाकायचं, गढूळ व्हायला लागलं की थांबायचं आणि झाकून ठेवून द्यायचं. दुसऱ्या दिवशी चंबूच्या भिंतीला पिवळ्या सुया लागलेल्या असतात. परत स्पिरिटमधून स्फटिक केले की रंग आणखी फिका होतो. साधारण १३० अंशाला वितळले तर माल चांगला, त्याच्या बराच खाली लोळायला लागले तर अजून कचरा आहे.

दोन ठिकाणी पोरं हमखास घोळ घालतात. एक तर पोटॅश टाकून उकळत बसतात, मग पायपरीनच तुटतं आणि पायपेरिक ॲसिड नि पायपेरिडीन हातात येतं. दुसरं, पुस्तकात अल्कलॉइड (म्हणजे नायट्रोजनवाला वनस्पतीतला पदार्थ, जो सहसा ॲसिडमध्ये उतरतो) लिहिलंय म्हणून पातळ ॲसिडने काढायला जातात. पायपरीन अमाइड या वेगळ्या जातीचं आहे, त्याचा नायट्रोजन ॲसिडला दाद देत नाही. आणि द्रावण उन्हात ठेवू नका, उजेडाने रेणूची घडण बदलते आणि तिखटपणा जातो. तपकिरी बाटली, अंधारी जागा.

गंमत म्हणून सांगते, हे पहिल्यांदा मिरीतून वेगळं काढलं १८१९ मध्ये, हान्स ख्रिश्चन ऑर्स्टेड याने. तोच, ज्याने पुढच्या वर्षी विजेच्या तारेजवळ होकायंत्राची सुई हलते हे दाखवलं.

बाप्पा_राजेहो
ताई स्पिरिटच पायजे ना, मंग मेळघाटाच्या बाजूनं मोहाची काय कमी हाय राजेहो. एक डबकी सांगा, पिंपळीही भिजन अन उरली तं आपलीही सोय होईन.

फार्मसीवाली
बाप्पा, मोहाच्या दारूत पाणीच जास्त असतं, त्यात परत साखर-डिंकच जास्त येईल आणि पायपरीन कमी. ९५ टक्क्यांचं रेक्टिफाइड स्पिरिट लागतं, आणि ते बाळगायला राज्य उत्पादन शुल्कचा परवाना लागतो, कॉलेजलासुद्धा त्याचं रजिस्टर ठेवावं लागतं. आणि कोणी फर्निचर पॉलिशवाल्याकडचं स्पिरिट आणायचा विचार करत असेल तर त्यात मिथेनॉल असू शकतं, डोळे जातात, जीवही जातो. ही मस्करी नाही.

आणि मळेकरी भाऊ, शेडचं ऐकून मला त्याचीच भीती वाटली. स्पिरिटची वाफ २० अंशांच्या खालीही पेट घेऊ शकते. आपल्याकडे जानेवारीतल्या दुपारीही शेडमध्ये त्याहून जास्त असतं, मे महिन्याचं तर बोलायलाच नको. वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीवरून सरकत जाते आणि दूरच्या स्विचच्या ठिणगीने पेटते. गॅसची शेगडी, चूल, साधी मोटर, काहीही चालत नाही.

ऑइलटेक_नागपूर
मी एलआयटीचा (नागपूरचं लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट), नंतर काही वर्षं केरळात ओलिओरेझिनच्या, म्हणजे मसाल्याच्या घट्ट अर्काच्या, कारखान्यात काढली. ताईंनी सांगितलं ते प्रयोगशाळेचं, मी धंद्याचं सांगतो.

कारखान्यात मिरी येते टनांनी. आधी वाफेने सुगंधी तेल काढून घेतात, त्यात पायपरीन येत नाही कारण ते वाफेबरोबर उडतच नाही (हे लक्षात ठेवा, तेल काढायच्या डिस्टिलेशनच्या भांड्यात पिंपळी टाकून कोणी पायपरीन म्हणून तेल विकत असेल तर तो वास विकतोय). मग सुकलेल्या भुशातून ॲसिटोन नाहीतर एथिल ॲसिटेटने तिखट भाग काढतात, सॉल्व्हेंट (म्हणजे हा विरघळवणारा द्रव) परत मिळवतात, उरतं ते ओलिओरेझिन. त्यातून पुढे शुद्ध करून ९५ टक्के पायपरीन. सगळा नफा सॉल्व्हेंट परत किती मिळतो त्यावर असतो. चोथा स्पंजासारखं सॉल्व्हेंट धरून बसतो, तो वाफेने झाडून काढायला वेगळी यंत्रणा, गळती झाली की नफा हवेत आणि वर आगीचा धोका. कार्बन डायऑक्साइडने पण काढतात, ३१ अंशांच्या वर आणि ७४ बारच्या वर तो धड वायू नाही धड द्रव नाही असा होतो आणि मालात शिरून अर्क ओढतो, नंतर दाब सोडला की उडून जातो, मागे काही उरत नाही. पण त्या मशीनचं कोटेशन मागवून बघा, मळा विकावा लागेल.

आणि आता खरी अडचण. काळ्या मिरीत पायपरीन ५ ते ९ टक्के असतं. पिंपळीत साधारण ३ ते ५. एक किलो सुक्या पिंपळीत समजा ४ टक्के धरलं तर कागदावर ४० ग्रॅम, हातात त्याहून कमी. बाजारातलं पायपरीन बहुतांशी मिरीतून येतं ते याच्यामुळेच. तुम्ही पिंपळीतून काढलेलं पायपरीन आणि त्यांचं मिरीतून काढलेलं पायपरीन, रेणू एकच, घेणारा तुम्हाला पिंपळीचा म्हणून एक रुपया जास्त देणार नाही. मग एवढी महाग पिंपळी त्यासाठी का जाळायची? युट्यूबवाला हे सांगत नाही.

पुणे_रिटर्न
थोडा वेगळा अँगल. मी पुण्यातली नोकरी सोडून अमरावतीला परत आलोय आणि हळद प्लस पायपरीन कॅप्सूल्सना ऑनलाइन किती डिमांड आहे हे बघतोय, दोन हजार टक्के ॲब्झॉर्प्शन वगैरे लिहिलेलं असतं डब्यावर. गटाने कॅप्सूलच केल्या तर? वायगावची हळद आपल्याच विदर्भातली, जीआयवाली (भौगोलिक मानांकन मिळालेली), आणि पिंपळी अंजनगावची. ब्रँडिंग तयार आहे.

फार्मसीवाली
दोन हजार टक्के हा आकडा हवेतला नाही, १९९८ चा बंगळूरचा अभ्यास आहे, २ ग्रॅम करक्यूमिनबरोबर (हळदीतला मुख्य पिवळा पदार्थ) २० मिलिग्राम पायपरीन दिलं होतं. पण मुळात एकट्या करक्यूमिनचं रक्तातलं प्रमाण इतकं नगण्य की त्याच्या वीसपट म्हणजेही फार मोठं काही नाही. डब्यावर तेवढंच छापायचं राहून जातं.

आणि जे हळदीचं होतं ते औषधांचंही होतं. पायपरीन यकृतातलं आणि आतड्यातलं एक एन्झाइम (सीवायपी३ए४) आणि पी-ग्लायकोप्रोटीन नावाचा पंप, दोन्ही अडवतं. शरीर जे औषध मोडून बाहेर टाकत होतं ते आत साचतं. याचाच चांगला उपयोग जम्मूच्या सीएसआयआरच्या संस्थेने केला, टीबीच्या गोळीत रिफाम्पिसिनचा डोस ४५० वरून २०० मिलिग्रामवर आणला, बरोबर १० मिलिग्राम पायपरीन घालून. तिथे डोस मोजून कमी केलेला आहे. पण घरी कोणी फिटची फेनिटॉइन घेत असेल, दम्याची थिओफिलिन किंवा बीपीची प्रोप्रॅनोलॉल, आणि वरून रोज पायपरीनची कॅप्सूल, तर त्या गोळीचा डोस डॉक्टरला न सांगता वाढवल्यासारखं आहे. जेवणातली चिमूटभर मिरी-पिंपळी वेगळी, शुद्ध अर्क वेगळा.

शिवाय औषध म्हणून विकायचं तर एफडीएकडून आयुर्वेदिक उत्पादनाचं लायसन्स, शेड्यूल टी (आयुर्वेदिक कारखान्यांसाठीचे नियम) प्रमाणे जागा. फूड सप्लिमेंट म्हटलं तर एफएसएसएआय (अन्न सुरक्षा प्राधिकरण). ब्रँडिंग नंतर.

वैद्यकाका_वाशिम
वाचत होतो, आता राहवत नाही म्हणून लिहितो. चरकाने विमानस्थानात स्पष्ट सांगून ठेवलंय की पिंपळी, क्षार आणि मीठ या तीन गोष्टी अति वापरू नयेत. औषध म्हणून उत्तम, पण रोजचा खुराक नाही. वर्धमान पिंपळी देतात तीसुद्धा चढवत नेऊन परत उतरवत आणायची, दुधाबरोबर. आणि दूध उगाच नाही, ताईंनी सांगितलं ना पाण्यात उतरत नाही, स्निग्धात उतरतं. जुन्या लोकांनी रेणू पाहिला नव्हता पण पिंपळीला दूध, तूप, मध ही सोबत दिली. आणि चौसष्टप्रहरी पिंपळी तर आठ दिवस रात्रंदिवस खलायची, पिंपळीच्याच काढ्याच्या भावना देत, म्हणजे काढा परत परत जिरवत. तिथे काही काढून फेकायचं नसतं, सगळी पिंपळी पोटात जाते.

माझ्यासारख्याला शुद्ध पायपरीन नको असतं, चांगली पिंपळी हवी असते. ती मिळत नाही हे दुखणं आहे. बाजारात येते त्यात बुरशी, देठ, पाणी मारलेलं, कधी भलतंच फळ मिसळलेलं. मोडून पाहिली तर आतून करडी असावी, जिभेवर ठेवली तर आधी काही नाही, थोड्या वेळाने चुणचुण आणि मग लाळ सुटावी. तशी असली तर मी भाव विचारत नाही.

आकोटवाला
काका लाख बोलले. मळेकरी, तुझ्या व्यापाऱ्याचं मी सांगतो हलका म्हणजे काय. तोडणी लौकर केली तर घोस भरत नाही, कोवळं वाळलं का सुरकुत्या पडते अन आतून पोकळ, थो हलका. उशीर केला तर लाल होते अन मऊ पडते, थेही नको. हिरवी गर्द होऊन काळपट झाक आली का तोडाची, त्याच दिवशी पसराची. आमच्याइकडं लोकं काय करते, दिवसभर तोडते अन रात्री पोत्यात दाबून ठेवते, सकाळी पसरवू म्हणते. रातभरात पोतं गरम होते, हात घालून पाय कधी. तिथून बुरशी सुरू. मंग धुई पडली का दोन दिवस ऊन नाही, वरून वाळलेली दिसते अन देठाजवळ ओली. थे पोतं व्यापाऱ्याच्या गोदामात पावसाळ्यापर्यंत टिकत नाही, त्याले माहीत असते म्हून तो आधीच भाव पाडते. त्याचं सगळंच खोटं नसते.

पण सगळं खरंही नसते. मी एकदा एकच पोतं दोन नावानं दोन दिवशी पाठवलं होतं एका व्यापाऱ्याकडं, भाव येगळे आले. तोंड बंद कराचं असन तर कागद पायजे.

मळेकरी_अंजनगाव
अकोटवाले काका, पोत्याचं तुमचं खरं हाय, आमच्याकडंही संध्याकाळी पोत्यातच भरून ठेवते. कागद म्हणजे कोणता, पायपरीन किती टक्के असा रिपोर्ट भेटते का कुठी?

ऑइलटेक_नागपूर
भेटते. तेच मी म्हणणार होतो. अर्क काढायचाच, पण विकायला नाही, मोजायला. पाच-दहा ग्रॅम पिंपळी, स्पिरिटमध्ये अर्क, योग्य तेवढा पातळ करून स्पेक्ट्रोफोटोमीटरमध्ये (प्रकाश किती शोषला जातो ते मोजणारं यंत्र) ३४२ नॅनोमीटरच्या आसपास शोषण बघायचं, शुद्ध पायपरीनच्या स्टँडर्डशी तुलना करायची. कोणत्याही बऱ्या फार्मसी कॉलेजात हे होतं. खरेदीदार मोठा असेल तर एचपीएलसीचा (घटक वेगळे करून मोजणारी जास्त अचूक तपासणी) रिपोर्ट मागेल, तो एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी संस्था) मान्यता असलेल्या लॅबचा घ्या. वर्ध्याला एमगिरी (महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था) आहे, तिथे बायोप्रोसेसिंग आणि हर्बलचा विभाग आहे, गटाने एकदा जाऊन बोलून या. अकोल्याला कृषी विद्यापीठात नागार्जुन वनौषधी उद्यान आहे, पिकाबद्दल आणि रोपांबद्दल तिथे विचारा.

फार्मसीवाली
स्पेक्ट्रोने थोडं जास्त दाखवतं कधीकधी, कारण पायपरीनचे भाऊबंदही तिथेच शोषतात. म्हणून बरोबर टीएलसी (पट्टीवर घटक वेगळे करायची साधी चाचणी) करा, टोल्युइन आणि एथिल ॲसिटेट ७:३, पट्टी यूव्हीच्या ३६६ च्या दिव्याखाली धरली की पायपरीनचा ठिपका निळा चमकतो. भेसळ असली की ठिपक्यांचा नकाशाच बदलतो. पोरांना हे बघायला फार आवडतं आणि खर्चही थोडा. आमच्याकडे प्रोजेक्टवाली पोरं दरवर्षी विषय शोधत फिरत असतात, त्यांना अंजनगावच्या वेगवेगळ्या मळ्यांतली पिंपळी दिली तर दोघांचं काम होईल. बुरशी लागलेल्या मालाची अफ्लाटॉक्सिनसाठी (बुरशीचं विष) तपासणी वेगळी, ती मोठ्या लॅबमध्ये, पण बाहेर पाठवायचं तर ती लागणारच.

आणि ते जे व्हॉट्सॲपवर फिरतं ना, पिंपळीतल्या पायपरलाँग्युमिनने (पायपरीनसारखाच दुसरा घटक) कॅन्सर बरा होतो म्हणून, ते पोत्यावर छापू नका कोणी. पेशींवर आणि उंदरांवर प्रयोग आहेत, माणसाचा कॅन्सर बरा झाल्याचा पुरावा नाही.

पुणे_रिटर्न
म्हणजे ग्रेडेड पिंपळी, रिपोर्टसकट, थेट वैद्यांना आणि आयुर्वेदिक कारखान्यांना. कॅप्सूलपेक्षा सोपं आहे खरंतर. पॅकिंग नि वेबसाइटचं मी बघतो, गटाला चालत असेल तर.

बाप्पा_राजेहो
वेबसाइट कराच्या आधी ताडपत्र्या घ्या बाप्पा. माल रातभर पोत्यात दाबून ठेवाचा नसते हे पुण्यात कोणी सांगतलं नसन तुले.

निंबोळीवाली_यवतमाळ
माझा एक प्रश्न राहिला. आमच्या सासूबाई खोकल्याला पिंपळी पाण्यात उकळून देतात मुलांना. मग त्याचा काहीच उपयोग नाही का? आम्हाला तर फरक पडतो.

वैद्यकाका_वाशिम
पडतो. काढ्यात पायपरीन कमी असलं तरी बाकीचं बरंच येतं, आणि गाळताना बारीक पूड जाते ती असतेच. लहान मुलांना अगदी थोडी, मधात चाटवा, गार झाल्यावर मध घाला. वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नको. खोकला लांबला तर दवाखान्यात न्या, पिंपळीवर थांबू नका.

मळेकरी_अंजनगाव
चुलतभावाले सगळं वाचून दाखवलं. तो म्हणते मंग सॉक्सलेट तरी आणू एक, निदान आपल्याच मळ्याचं पाहू. त्याले ताईंच्या कॉलेजात पाठवतो, तिथं पाहून घेईन. गटात बोलणं झालं, यंदाच्या तोडणीचे नमुने घेतो, लवकरची येगळी, मधली येगळी, शेवटची येगळी, अन एक मुद्दाम रात्री पोत्यात ठेवलेला. ताई, किती किती पाठवायचं अन कशात?

फार्मसीवाली
प्रत्येकी पाव किलो, पूर्ण वाळलेलं, कागदी पाकिटात घालून मग डब्यात. प्लास्टिकच्या पिशवीत ओलं बांधलं तर रस्त्यातच बुरशी येईल. एकाच पोत्याच्या तोंडावरचं घेऊ नका, वरचं, मधलं, तळचं, सगळं काढून मिसळा आणि त्यातून पाव किलो घ्या. पाकिटावर मळा, तोडणीची तारीख, किती दिवस वाळवलं, लिहा. पूड करून पाठवू नका, आम्ही दळू.

आकोटवाला
माहेही दोन मळ्याचे नमुने घे त्याच्यात. ताई, ओलावा पाहाचं मशीन आमच्या जिनिंगवाल्याकडं हाय, कापसाचं. त्यावर पिंपळी चालन का?

फार्मसीवाली
नाही चालणार काका, ते कापसासाठीच बसवलेलं असतं, आकडा भलताच दाखवेल. ओव्हनमध्ये वाळवून वजन केलं तरी मसाल्यात फसगत होते, पाण्याबरोबर सुगंधी तेलही उडतं आणि ओलावा जास्त दिसतो. टोल्युइनमध्ये उकळून नळीत पाणी वेगळं मोजतात ती पद्धत बरोबर. नमुने येऊ द्या, त्यातच करून घेऊ.

वैद्यकाका_वाशिम
शेवटच्या तोडणीतली चांगली वाळलेली असेल तर माझ्यासाठी पाच किलो बाजूला ठेवा मळेकरी. रिपोर्ट नंतर आला तरी चालेल, मी चाखून घेतो.